चिमाईचा शेवटचा दोर

फार वर्षांपूर्वी, काळखडीच्या माळावरची दगडाची खाण नुकतीच खोल गेली होती, तेव्हाची ही गोष्ट. खाण म्हणजे उभा कडाच. पाथरवटांच्या कमरेला दोर बांधून त्यांना आत सोडायचं आणि काम झालं की त्याच दोराने वर ओढायचं. हे दोर वळायची म्हातारी चिमाई. असं म्हणतात, तिच्या अंबाडीच्या दोराला हत्ती बांधला तर हत्तीच थकायचा.

खाणीचा मुकादम विसाजी मात्र भारी चिकट. दर हंगामाला तेवढ्याच दामात एक दोर जास्त मागायचा. जमत नसेल तर दुसरीकडून आणतो म्हणायचा. चिमाईने कधी ब्र काढला नाही. त्या वर्षी अंबाडी पुरेना, तेव्हा शेवटच्या दोराच्या गाभ्यात तिने कुजका माल भरला आणि वरून चांगली अंबाडी वळली. दोर असा चकाकत होता की विसाजीने नेमका तोच आधी उचलला.

दोन दिवस चिमाईला घास उतरेना. हात कितीही धुतले तरी कुजका वास जाईना. असं म्हणतात, तिच्या घरात टांगलेले दोर आपोआप पीळ सोडू लागले. तिसऱ्या दिवशी ती घाबरून खाणीकडे पळत सुटली. भिवा पाथरवट तोच दोर कमरेला बांधून कड्यावर बसला होता.

"सोडू नगा त्याला! गाभ्यात कुजकी अंबाडी हाय. म्याच भरलीया!"

विसाजीने दोर उलटसुलट पाहिला आणि हसला. "नवा कोरा हाय की. दाम वाढवून घ्यायची ही नवी तऱ्हा व्हय, चिमाई? सोडा रं."

चिमाईने भिवाची गाठ सोडली आणि दोर स्वतःच्या कमरेला बांधला. "मंग आधी मी उतरते. पर दोर तुमीच धरायचा, मुकादम."

चारचौघांत माघार कशी घ्यायची? विसाजीने दोर धरला. चिमाई डोळे मिटून उतरू लागली. भीतीने तिला देवाचं नावही आठवेना. ती अर्ध्यात पोचली आणि दोराचा एक पदर तुटला. मग दुसरा. विसाजीच्या अंगाला दरदरून घाम फुटला. जीव खाऊन ओढत तो ओरडला, "माझं चुकलं गं! म्याच पिळून घेतलं तुला!"

खालून आवाज आला, "म्याबी न्हाई म्हनाया पायजे हुतं."

आणि दोर तुटला.

असं म्हणतात, पडल्याचा आवाज कुणालाच आला नाही. पाथरवट खाली उतरले, तर तिथे कुणीच नव्हतं. विसाजीच्या तळहातांवरचे दोराचे वळ तो मरेपर्यंत गेले नाहीत.

आजही काळखडीत नवा दोर घ्यायचा तर विकणारा तो कमरेला बांधून कड्याच्या काठावर उभा राहतो आणि दुसरं टोक घेणारा धरतो. घेणारा खाणीत ओरडून विचारतो, "गाभा चांगला?" विकणारा विचारतो, "दाम पुरता दिला?" दोघं मोठ्याने उत्तर देतात आणि कान देऊन थांबतात. उत्तर खरं असेल तर खाणीतून ते म्हातारीच्या आवाजात परत येतं. खोटं असेल तर काहीच येत नाही, फक्त पदर तुटल्याचा आवाज येतो. म्हणून खरं बोलणाऱ्यांचेही हात तेवढा वेळ थरथरत असतात.