गेमिंग कॉम्प्युटरची सोयरीक

कराडच्या बाजारपेठेत बाजीराव थोरव्यांचं कॉम्प्युटरचं दुकान मोठं होतं, आणि त्याहून मोठी होती थोरवेशेठची मिजास. गिऱ्हाईकानं दुसरा प्रश्न विचारला की ते म्हणायचे, "घ्यायचंय, की नुसतं बघायचंय?"

एके दिवशी इरावती तिच्या सिंधूआत्याला घेऊन तिथे गेली. पोरीला गेमिंगसाठी तयार जोडलेला डेस्कटॉप हवा होता. किंमत ऐकून तिनं विचारलं, "काका, पुढेमागे यात मोठं ग्राफिक्स कार्ड बसेल ना? त्यासाठी पॉवर सप्लाय बदलता येईल?"

"बाजारातलं काहीही आणून बसव! तुला काय कळतंय त्यातलं?" शेठ खेकसले.

भाचीचा अपमान आत्याला झोंबला, पण ती गोड हसली. "शेठ, आमच्या घरी जुना कॉम्प्युटर आहे. याचा पॉवर सप्लाय काढून त्याला लावता येईल का हो?"

शेठची छाती फुगली. "छे! आमच्या मशीनची घडणच निराळी. यातला एक पार्ट दुसरीकडे बसायचा नाही, बाई!"

"मग राहू द्या," म्हणत आत्या उठली. "ज्या घरची लेक बाहेर कुठेच नांदत नाही, त्या घरात बाहेरची सून काय नांदणार?"

दुकानात हशा पिकला. पैसे भरायला उभ्या असलेल्या एकानं पाकीट गुपचूप खिशात घातलं.

शेठनं ओशाळून विचारलं, "या बाई इंजिनिअर आहेत का गं?"

इरावतीनं मान ताठ केली. "नाही. माझी आत्या आहे. अर्ध्या कराडच्या सोयरिकी तिनं जुळवल्यात, आणि एकही मोडलेली नाही."