काचेमागची खुर्ची

अधिकारपदावरच्या माणसाची खरी परीक्षा केव्हा होते, सांगाल? कॅनडातील एका आइस हॉकी संघाचे व्यवस्थापक वामनराव आठल्ये यांची परीक्षा अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी झाली. खेळाडूंच्या स्केटच्या पात्यांना धार लावता लावता ते या पदापर्यंत पोहोचले होते आणि पद ही ईश्वराने सोपवलेली ठेव मानत होते. संघाचे अध्यक्ष ब्रूक्स यांनी सर्व संचालकांसमक्ष हुकूम सोडला, "उद्या गोलरक्षक म्हणून माझा भाचाच उतरेल. जमत नसेल तर आठल्ये, घरी बसा!"

भाचा अगदीच नवशिका होता. वामनराव शांतपणे म्हणाले, "उतरवू, साहेब. आपली खुर्ची गोलाच्या थेट मागे आहे. आजच्या त्याच्या सरावापुरती गोलाची जाळी आणि खुर्चीपुढची काच तेवढी काढतो. आपण निवांत बसा."

"वेड लागलंय का तुम्हाला? त्याच्याकडून ती टणक रबरी चकती सुटली तर माझं डोकं फुटेल!"

"मग ज्याच्या भरवशावर आपण स्वतःचे डोके ठेवत नाही, त्याच्या भरवशावर मी संघाची अब्रू कशी ठेवू?"

वर्षभर गोल राखणारा खेळाडूच दुसऱ्या दिवशी ताठ मानेने बर्फावर उतरला. भाच्यासाठी संघाची अब्रू पणाला लावू पाहणाऱ्या ब्रूक्स यांना संचालकांनी आदल्या दिवशीच्या त्या बैठकीतच अध्यक्षपदावरून दूर केले होते.