सायकलीच्या पोटातलं पाणी

एकदा एक सायकल बोलू लागली. सायकल कधी बोलते का, असं कुणी विचारील. अहो, ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे माणूससुद्धा बोलत नाही, तिथे सायकलीचं काय घेऊन बसलात! पण ही बोलली, आणि मुहूर्त तरी कोणता निवडला? ऐन दसऱ्याची सकाळ, शर्यतीला अवघा अर्धा तास उरलेला. "डुबुक," ती म्हणाली. चार हात पुढे जाऊन पुन्हा, "डुबुक."

तिच्यावर बसलेली विनया जागच्या जागी उतरली.

आता ही विनया कोण, ते सांगतो. नदीकाठच्या एका गावात एक वृद्ध कारागीर राहत. लोखंडी नळ्या जोडून सायकलीचा सांगाडा स्वतःच्या हातांनी घडवणारा माणूस आता शोधून सापडत नाही. हे त्यांतले उरलेले एक. सारा गाव त्यांना पांचाळ मिस्त्री म्हणे. विनया त्यांची शिष्या. वय तिशीचं, वेल्डिंग रीतसर शिकलेली, हात दगडासारखा स्थिर. नाव विनया असलं, तरी विनय तिच्याकडे नावापुरताच होता. आपलं काम चोख आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते गावालाही ठाऊक असावं असं तिला वाटे.

यात गैर काही नाही. गैर होतं ते वेगळंच. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला तिने घडवलेली पहिली सायकल शर्यतीत धावली आणि माळाच्या चढावर तिचा सांधा तुटला. विनया ती खांद्यावर टाकून चालत परत आली, तेव्हा साऱ्या गावादेखत मिस्त्री हसले. चांगले पोट धरून हसले. विनयाने अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आली, वर्षभर खाली मान घालून राबली, आणि मनाशी एक ठरवून टाकलं. येत्या दसऱ्याला आपली सायकल शर्यत पुरी करील, आणि त्याच संध्याकाळी आपण हे दुकान सोडू. कुणाला कारण सांगायचं नाही. दसऱ्याला लोक सीमोल्लंघन करतात. आपलं सीमोल्लंघन हेच. शेजारच्या तालुक्यातल्या एका कारखान्यात तिने शब्दसुद्धा टाकून ठेवला होता. मिस्त्रींना याचा गंधही नव्हता. ते रोज दुपारी तिच्या डब्यातली लोणच्याची फोड मागून घेत आणि खुशीत असत.

तर अशी ती दसऱ्याची सकाळ. चौकात हलगी कडाडू लागली होती, पोरं झेंडे लावत होती, आणि इकडे विनयाची लालभडक सायकल डुबुक डुबुक करत होती. चेन बघितली, ठीक. पायडल फिरवून बघितलं, ठीक. तेवढ्यात मिस्त्री अंगणात आले. त्यांनी सायकल थोडी हलवली, खाली वाकून नळीला कान लावला आणि म्हणाले, "पाणी हाय पोटात."

विनयाला एकदम उलगडा झाला. आदला दिवस खंडेनवमीचा. त्या दिवशी दुकानातली सारी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची, अशी त्यांची रीत. विनयाने त्या उत्साहात सायकलही धुतली होती, आणि नुसती धुतली नव्हती. सीट दांड्यासकट उपसून काढून तिला वरपासून खालपर्यंत पाइपने न्हाऊ घातलं होतं. उघड्या नळीतून पाणी आत गेलं, यात नवल ते काय!

तिने झटकन सीट काढली आणि सायकल उलटी केली. पेलाभर स्वच्छ पाणी भळकन जमिनीवर सांडलं.

"झालं!" ती हसून म्हणाली. "निघते मी."

मिस्त्रींनी सायकल सरळ केली आणि बोटाच्या पेराने खालच्या नळीवर टकटक केलं. "अजून हाय."

"असेल थेंबभर. उशीर होतोय, मिस्त्री."

"खालचं भोक कुठं हाय?"

हे भोक म्हणजे मिस्त्रींच्या प्रत्येक सायकलीची खूण. पायडलचा आस ज्या आडव्या नळीत फिरतो, तिच्या अगदी तळाशी ते जोंधळ्याच्या दाण्याएवढं एक भोक पाडत. विनयाने पहिल्याच महिन्यात ते हेरलं होतं आणि आपल्यापुरता त्याचा अर्थही लावून टाकला होता. केव्हातरी म्हाताऱ्याचं ड्रिल घसरलं असणार, आणि पुढे गुरूची चूक हीच शिष्यांची परंपरा झाली असणार. एका वाक्यात विचारून घेता आलं असतं. पण विचारलं तर ती विनया कसली!

"माझ्या गाडीला नाही ठेवलं," ती जराशा तोऱ्यात म्हणाली. "चाकाने उडवलेलं पाणी खालून आत जाऊ नये म्हणून. सगळं बंद केलंय मी."

मिस्त्री पाटाकडे वळले, हत्यारांपुढे हात जोडले, आणि झेंडूची माळ बाजूला सारून त्यांनी हातड्रिल उचललं.

समोरचे कापडवाले शेठ दुकानाच्या पायरीवरून जवळजवळ ओरडलेच. "अहो मिस्त्री, पूजेतलं हत्यार! आपट्याची पानं अजून वाटायची आहेत!" त्यांचं खरंच होतं. एकदा पुजलं की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही, हा मिस्त्रींच्या आजोबांपासूनचा नेम. पन्नास वर्षांत मिस्त्रींनी तो मोडल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

"देवीशी मी बोलतो, शेठ. तुम्ही गिऱ्हाईक बघा," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी सायकल आडवी केली. ड्रिलच्या टोकाला मापाने चिकटपट्टीचे वेढे दिले, म्हणजे ते आतल्या आसाला जाऊन टेकणार नाही, आणि गरागरा फिरवायला सुरुवात केली. तीन महिने जपलेला लाल रंग कुरकुरून उडू लागला. ते ड्रिल जणू विनयाच्याच पोटात शिरत होतं. पाणी तर निघालं, मग हे कशासाठी? तिच्या मनात वाईट शंका आली: हीही मोडावी, पुन्हा गावाला हसायला मिळावं, असंच यांना वाटतंय. तोंडापर्यंत शब्द आले. नेहमीप्रमाणे तिने ते गिळले.

ड्रिल पलीकडे निघालं. मिस्त्रींनी सायकल उभी केली, आणि त्या इवल्याशा भोकातून पाण्याची बारीक धार लागली. तांबडी, गढूळ, गंजाचा उग्र वास मारणारी. बघता बघता जमिनीवर तांबडा डाग पसरला.

"हे कालचं पाणी न्हवं, पोरी," मिस्त्री म्हणाले. "हे श्रावणातलं. तू पावसात गाडी फिरवलीस तवाचं. आत उभ्या नळीचं तोंड जरा पुढं आलेलं असतंय, त्या काठाआड हे दडून बसतंय. गाडी उलटी केली की कालचं सांडतंय, जुनं तिथंच ऱ्हातंय."

"पण शिरलं कुठून? मी तर सगळं बंद केलं होतं."

"पाणी शिरतंच. सीटच्या फटीतनं शिरतंय, थंडीत नळीला आतनं घाम सुटतोय. त्याला अडवणारा कारागीर मी तरी अजून बघितला न्हाई. आपल्या हातात एवढंच, की सगळ्यात खालच्या जागी त्याला जायला वाट ठेवायची. तू यायच्या वाटा बुजवाय गेलीस आणि जायची तेवढी बुजली. गाडी वरनं लालभडक दिसली असती, आणि दोन वर्षांत आतनं चाळण."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलं न्हाईस," मिस्त्री म्हणाले. "आणि मला वाटलं, तुला ठावं असंल. पळ आता, शर्यत सुटंल."

विनया निघाली. मनात नुसता कालवा माजला होता. पण शर्यत कुणाच्या मनासाठी थांबत नसते. झेंडा पडला, हलगी घुमली, आणि तीस-पस्तीस सायकली एका दमात गावाबाहेर सुटल्या. माळावरच्या देवळाला वळसा घालून परत गावात यायचं, वीस किलोमीटर. अर्ध्या वाटेवर परतीचा पाऊस कोसळला, असा की पुढचं चाक दिसेना. ओढ्यात गुडघाभर पाणी. चौघेजण तिथेच आडवे झाले. विनया पाणी उडवत पलीकडे निघाली आणि चढाला लागली. गेल्या वर्षी सांधा तुटला तो हाच चढ. तिने दातओठ खाऊन पायडल मारलं. सांधा हूं की चूं करेना. एकाला मागे टाकलं, मग दुसऱ्याला, आणि देवळाला वळसा घालून उताराला लागताना तिच्यापुढे फक्त एकच सायकल उरली.

तेवढ्यात मागून एकजण ओरडला, "ओ ताई, तुमची गाडी खालनं गळतीय!"

"गळू दे!" विनया तितक्याच मोठ्याने ओरडली. "गळायलाच पाहिजे!"

आणि तिला एकदम हसू फुटलं. भर उतारावर, धो धो पावसात, एकटीच हसत सुटली. हसता हसता केव्हा रडू लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. पावसाने सगळंच धुऊन नेलं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता.

ती दुसरी आली, चाकभर अंतराने. गावाने तिला उचलून घेतलं, शेठनी स्वतःच्या दुकानातला टॉवेल आणून दिला. मिस्त्री गर्दीच्या कडेला उभे होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "शाबास! सांधा कसा धरलाय बघा माझ्या पोरीचा!"

विनयाने सायकल भिंतीला टेकवली. ठरल्याप्रमाणे आता नुसतं हात जोडून निघायचं होतं. ती उभीच राहिली. मग म्हणाली, "मिस्त्री, गेल्या वर्षी माझी गाडी मोडली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर हसला होतात."

तिची पाठ थोपटायला उचललेला मिस्त्रींचा हात खाली आला.

"मला फार लागलं होतं ते," ती म्हणाली. "वर्षभर रोज लागत होतं. तुम्ही माझं लोणचं खात होता आणि मला ते लागत होतं. आज संध्याकाळी मी दुकान सोडून जाणार होते. न सांगता."

म्हातारा पावसात भिजत उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते विनयाने चार वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. त्याला खरोखरच काही ठाऊक नव्हतं.

"अगं, मी हसलो ते..." मिस्त्रींनी सुरुवात केली. आणि थांबले. मान हलवली.

"न्हाई. कारण सांगत न्हाई. आत्ता तू वाट केलीस; कारण सांगितलं की मी ती पुन्हा बुजवली. चुकलो मी, पोरी."

सत्तरी ओलांडलेल्या गुरूने शिष्येपुढे हात जोडले. विनयाने पुढे होऊन ते हात धरले.

"कारण मला ऐकायचंय," ती म्हणाली. "पण उद्या सांगा. कामावर आल्यावर."

घरात कुणी वर्षभराचं साठलेलं बोलू लागलं, तर आपलंही कारण उद्यावर ठेवावं.