अस्वलाच्या दुकानाचा पत्ता

मुलांनो, मोबाइल जरा बाजूला ठेवा. मोबाइलचीच गोष्ट सांगणार आहे, पण ती ऐकायची आहे, बघायची नाही. सह्याद्रीतल्या एका जंगलात एक अस्वल मध विकत असे. दुकान त्याच्या वडिलांनी मांडलेलं, जांभळाच्या झाडाखाली. तेव्हा दुकानाला पाटीसुद्धा नव्हती. मधाचा वास ओढ्यापर्यंत जाई आणि त्या वासावर गिऱ्हाईक येई. म्हातारं अस्वल पळसाच्या पानावर चाटणभर मध ठेवी आणि म्हणे, "आधी चाखा, मग बोला." मग यंदा कारवी फुलली का, हिरड्याचा मध कधी निघणार, अशा गप्पा निघत. उभ्या उभ्या मध घ्यायला आलेला प्राणी उन्हं कलली तरी उठत नसे. काय सांगू, ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं.

पुढे म्हातारं अस्वल गेलं आणि जंगलात इंटरनेट आलं. आता नाक वापरतो कोण? मोबाइलवर 'मध' असं टाकायचं आणि जे नाव सगळ्यांत वर दिसेल तिकडे चालू लागायचं. वर दिसायचं ते वडावरच्या वानराचं नाव. अस्वलाचीही वेबसाइट होती, पण ती इतकी खाली, की तिथपर्यंत बोट सरकवत जायचा धीर एकट्या कासवाला होता, आणि कासव काही मध खात नाही. अस्वल दुकानात माश्या मारत बसू लागलं. हा हिवाळा असाच गेला तर वडिलांचं दुकान मोडावं लागणार होतं. त्या विचाराने त्याला घास गोड लागेना.

शेवटी त्याने कोल्ह्याला गाठलं. इतरांच्या वेबसाइट वर आणून देणं हा कोल्ह्याचा धंदा होता.

"सोपं आहे, दादा," कोल्हा म्हणाला. "जो वर आहे त्याची वेबसाइट अभ्यासा. तो कोणते शब्द लिहितो, काय दाखवतो, सगळं बघा."

"आणि मग?"

"मग काय, तसंच करा."

अस्वल बिचारं सरळ. त्याने वानराची वेबसाइट शब्दन् शब्द वाचली आणि शब्दन् शब्द उतरवून काढली. कारवीचा मध, हिरड्याचा मध, जांभळाचा मध, ही आपली जुनी नावं पुसली आणि वानरासारखं 'शुद्ध मध, उत्तम मध, स्वस्त मध' असं लिहून टाकलं.

आणि गंमत बघा, त्याचं नाव खरंच वर आलं. अस्वलाने दुकान झाडलं, पळसाची पानं मांडली आणि ते वाट बघत बसलं. सकाळ गेली, दुपार गेली, चिटपाखरू फिरकलं नाही. संध्याकाळी वानरच आलं.

"दादा, उपकार झाले," ते म्हणालं. "तुमची वेबसाइट बघून आज माझ्याकडे झुंबड उडाली."

अस्वलाला काही उमजेना, तेव्हा वानराने मोबाइल पुढे धरला. सगळं उतरवण्याच्या भरात अस्वलाने पत्ताही वानराचाच उतरवला होता: 'वडाच्या डाव्या फांदीखाली या.' नक्कल करायलाही अक्कल लागते, मुलांनो. अस्वलाला रडूच आलं. वडील असते तर त्यांना काय तोंड दाखवलं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी साळू हळूहळू चालत दुकानात आली. वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक ते, तिला पत्ता विचारावा लागत नसे. हातात बरणी होती.

"अरे बाळा, हा मध सुनेने वानराकडून आणला. थंडी पडली तशी तळाशी साखर बसली. त्याच्या वेबसाइटवर लिहून विचारलं, तर उत्तर नाही. फसवलं का रे त्याने?"

"नाही आजी, खरा मधही थंडीत बसतो. बरणी उन्हात ठेवा, चुलीवर मात्र ठेवू नका."

साळू हसली. "तुझे बाबा अस्सेच सांगायचे."

साळू गेल्यावर अस्वलाने पुन्हा वानराची वेबसाइट उघडली. या वेळी वानराचं लिहिणं सोडून त्याने खाली गिऱ्हाइकांनी विचारलेलं वाचलं. कारवीचा मध मिळेल का? जांभळाचा मध कडसर का लागतो? पिल्लाला खोकला झालाय, मध देऊ का? एकाही प्रश्नाला वानराने उत्तर दिलं नव्हतं. अस्वलाने आपल्या वेबसाइटवर एकेका प्रश्नाचं उत्तर लिहिलं, अगदी वडील सांगत तसं. 'पिल्लू वर्षाचं होईपर्यंत त्याला मध देऊ नका, आमच्याकडचाही नको,' हेसुद्धा लिहिलं. जुनी नावं परत आणली, आणि शेवटी स्वतःचा पत्ता घातला: 'जांभळाखाली या. आधी चाखा, मग बोला.'

अडलेला प्राणी मोबाइलवर प्रश्न विचारी आणि उत्तर सापडे ते अस्वलाकडे. उत्तर वाचलेला मग दुकानातही येई. हिवाळा सरेपर्यंत जांभळाखाली पुन्हा बैठक भरू लागली, आणि दुकान मोडायचा विषय मागे पडला. एके दिवशी त्या बैठकीच्या कडेला वानर येऊन उभं राहिलं. हातात त्याचीच बरणी होती.

"दादा," ते ओशाळून म्हणालं, "माझा सगळा मध बसलाय. गिऱ्हाइकं भांडतात. काय करू?"

अस्वलाने त्याच्यापुढे पळसाचं पान सरकवलं, त्यावर चाटणभर मध ठेवला आणि ते म्हणालं, "बस. आधी चाख, मग बोल."

तात्पर्य : शेजाऱ्याच्या दुकानात जरूर डोकवावं, पण त्याची पाटी उतरवून घ्यायला नव्हे, त्याच्या दारातून कोण उत्तराविना परत जातं, ते बघायला.