कळशीचा वीरगळ

फार फार जुनी गोष्ट. मुलाबाळांनो, आयाबायांनो, हातातलं काम घटकाभर ठेवा नि ऐका.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं एक म्हातारा शिपाई राहायचा. लढाईचं विचारलं की गप्प. नातींच्या डोक्याला तेल लावायला मात्र सगळ्यांच्या आधी पुढे. दर सोमवारी कळशी घेऊन तो कुठंतरी जायचा आणि चिखलाच्या हातांनी, हसत परत यायचा.

म्हातारीला राहवेना. "अहो, जाता तरी कुठं?"

"मित्रांकडं."

"तुमच्या वयाचं गावात उरलंय कोण?"

म्हातारा हसत कळशी विसळायला गेला.

पुढच्या सोमवारी ती गुपचूप मागोमाग गेली. वेशीबाहेर लढाईत पडलेल्यांचे दगड उभे होते. वीरगळ म्हणतात त्यांना. म्हातारा एकेक वीरगळ धूत होता आणि त्याच्याशी बोलत होता. म्हातारी बोरीच्या झुडपाआड लपली.

"ये बाहेर," तो मागे न बघताच म्हणाला. "लुगडं फाटेल काट्यानं."

मग त्यानं एकेकाची ओळख करून दिली. "हा सटवा. वाघाला भ्यायचा नाही, पालीला भ्यायचा. हा धोंडजी. जाताना म्हणाला, माझ्या तान्हीकडं बघ."

तेव्हापासून दोघं मिळून जाऊ लागली.

पुढं म्हातारा देवाघरी गेला. म्हातारीनं पाटलांना हात जोडले. "ह्यांचा दगड मित्रांशेजारी उभा करू द्या."

"काकी, ते रणात पडले. काका अंथरुणात गेले. घरी परतलेल्याचा वीरगळ नसतो."

म्हातारीनं देवापुढं दिवा लावला. "देवा, हे एकटे पडतील रे," एवढंच म्हणाली. मग ती वेशीकडं फिरकलीच नाही.

दसरा आला. गाव वीरगळ पुजायला निघालं. बघतात तर दगडांवर शेवाळ चढलेलं, कोरीवकाम तर कधीचंच झिजलेलं. कुणाचा कुठला, कुणालाच कळेना. धोंडजीची लेक, आता तीही पिकल्या केसांची, नारळ घेऊन या दगडापासून त्या दगडापर्यंत फिरत राहिली.

"दरवर्षी काकाच हात धरून न्यायचे. माझे बाबा कुठले हो?"

पाटीलही शेवाळ खरवडून बघू लागले.

ही हाक म्हातारीच्या कानी गेली. रुसवा तिनं घरातच ठेवला आणि कळशी कमरेवर घेतली. वेशीबाहेर येऊन एक दगड धुतला. "ये बाई. हे तुझे बाबा." मग दुसरा, मग तिसरा. "आणि हा सटवा. इथं पाल दिसली तर हाकला रे पोरांनो!"

लोक हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

पाटील पुढं आले. "चुकलो, काकी. यांच्याशेजारी काकाच हवेत."

पाथरवटानं विचारलं, "आजी, ढाल काढू की तलवार?"

"कळशी काढ, बाबा. आणि मागं बोरीचं झुडूप. त्याच्याआड मला काढ, लहानशी."

तसा वीरगळ उभा राहिला. तेव्हापासून दर सोमवारी गावातल्या लेकीसुना तिथं पाणी घालतात, नावं घेतात. त्या म्हातारीची इच्छा पुरी झाली, तशी तुमची आमची पुरी होवो.

गेलेल्यांची नावं जो जपतो, त्याचं नाव सारं गाव जपतं.