काठोकाठ भरलेला रेडिएटर

गाड्यांनाही वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. खांबेटे गुरुजींनी अंगणात आपल्या जुन्या गाडीचं पाणी बदललं. गळ्यापर्यंत भरताच रेडिएटर ऐटीत म्हणाला, "बघा, आता एक थेंब मावायचा नाही!"

आत इंजिनाकडं जाणाऱ्या नळीच्या वळणावर हवेचा एक बुडबुडा अडकला होता. रेडिएटरला तो जाणवत होता. पण बुडबुडा लाडीगोडीनं म्हणाला, "रावसाहेब, मी बाहेर पडलो तर तुमचं पाणी खाली जाईल. चारचौघांत बरं दिसेल का?" रेडिएटरनं बुडबुड्याला आतच दडवून ठेवलं आणि गुरुजींनी झाकण लावलं.

गाडी सुरू झाली, तसं इंजिन ओरडलं, "अरे दादा, जीव जातोय माझा! पाणी कुठंय?"

"भरपूर आहे की!"

"तुझ्यापाशी असेल. माझ्यापर्यंत पोचतंय कुठं? आणखी तापलं, तर माझा कायमचा निकाल लागेल."

तापमानाचा काटा चढलेला पाहून गुरुजींनी गाडी थांबवली. ती पार गार झाल्यावर झाकण उघडलं आणि रेडिएटरचं तोंड उघडं ठेवूनच ती हळू सुरू केली. आता रेडिएटरपुढं दोनच गोष्टी होत्या: आपली लाज किंवा इंजिनाचा जीव. त्यानं डोळे मिटले आणि बुडबुड्याला सोडून दिलं. बुडुक! पाणी वीतभर खाली गेलं.

"आलं रे, पाणी आलं!" इंजिन सुखावलं.

रेडिएटर मात्र शरमून म्हणाला, "गुरुजी, मी तर अर्धा रिकामाच निघालो हो."

"असू दे रे," तांब्या कलता करत गुरुजी म्हणाले, "आता कुठं तुझ्यात काही ओतता येतंय."