कासविणीने सोडलेली वाळू

महासागराच्या अगदी मधोमध, नकाशावर शोधून सापडणार नाही अशा एका छोट्या बेटावर, नारळ फोडणारा एक खेकडा राहत असे. मुलांनो, आपल्या ओढ्यातला खेकडा डोळ्यांसमोर आणू नका. हा चांगला मांजराएवढा होता. झाडावर चढायचा, नारळ खाली पाडायचा आणि नांगीने सोलून फोडायचा. आपल्या नांग्यांचा त्याला भारी अभिमान. बायकोशी वाद झाला आणि उत्तर सुचलं नाही, की तो तिच्यासमोर एक नारळ फोडून दाखवी. वाद तेवढ्यावर संपला असं त्याला वाटे, तिला नाही.

त्या बेटावर एक रीत होती. दरवर्षी एक म्हातारी कासवीण अंडी घालायला किनाऱ्यावर येई. ती आली की सगळ्यांनी तिच्याभोवती जमायचं. मग ती समोरच्या मोठ्या बेटावर पूर्वी राहणाऱ्या माणसांची गोष्ट सांगायची, आणि गोष्टीतली नावं संपेपर्यंत कुणी तोंडात घास घालायचा नाही. गोष्ट दरवर्षी तीच, नावंही तीच. खेकडा लहानपणापासून ती ऐकत आला होता. खरं सांगायचं तर निम्मी गोष्ट तो पेंगण्यात घालवी आणि उरलेली पोटातल्या कावळ्यांच्या गोंगाटात त्याला ऐकूच येत नसे.

एके वर्षी वादळ झालं आणि छोट्या बेटावरचे निम्मे माड आडवे झाले. खेकड्याच्या घरात लहान पिल्लं, खायला मात्र सुकलेली करवंटी. तो बिळाबाहेर हताश बसला होता. शेजारीच एक डबकं होतं आणि त्यात एका पायावर उभा राहून मासे पकडणारा एक बगळा होता. खेकडा आणि त्याची पिल्लं सारखी ये-जा करत, पाणी गढूळ होई, मासे बिथरत. म्हणून बगळ्याच्या मनात हे शेजारी केव्हाचे खुपत होते. पण बोलायला तो साखरेहून गोड.

"खेकडेराव, उपाशी कशाला मरताय?" तो म्हणाला. "समोर बघा. मोठं बेट कसं हिरवंगार आहे! माड वाकलेत नारळांनी. ओहोटीला खडक उघडे पडतात, चालत चालत पोचाल."

"पण कासवीणआजी तिकडे जाऊ नका म्हणते," खेकडा म्हणाला.

"अहो, ती जुनी गोष्ट झाली! तेव्हाची माणसं गेली, तेव्हाची लढाई संपली. ते बेट आता अगदी निर्धोक आहे, मी वरून उडताना पाहिलंय. म्हातारीला एकच गोष्ट येते, ती तरी काय करणार? गोष्टीने पोट भरतं का?"

खेकड्याला हे पटलं. पोट रिकामं असलं की पटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी कासवीण किनाऱ्यावर आली, सगळे जमले, पण खेकडा बायकापोरांना घेऊन ओहोटीची वाट बघत खडकांपाशी उभा होता.

"अहो, नावं तरी ऐकून जाऊ," खेकडीण म्हणाली.

"नावं खाणार आहेस का?" खेकडा खेकसला. एवढ्यात खडक उघडे पडले आणि तो पिल्लांना पाठीवर घेऊन निघाला.

कासवीण वाळूवर किती हळू चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. तिने खेकड्याला जाताना पाहिलं आणि ती मागे धावली नाही. ती सरळ पाण्यात शिरली. पाण्यात तिच्यासारखी चपळ तीच. वळसा घालून ती पुढे गेली आणि जिथे खडकांची वाट सगळ्यात अरुंद होती तिथे चढून आडवी पडली. भल्यामोठ्या पाठीची ती म्हातारी मध्ये पडल्यावर वाट उरली नाही.

"बाजूला हो आजी," खेकडा म्हणाला. "पिल्लं उपाशी आहेत. आम्ही जमिनीवरचे खेकडे, भरती आली तर सगळे बुडू."

"होते की. पण आधी मला एक सांग. कासवीण अंडी कुठे घालते?"

"हे काय विचारणं झालं? जिथे ती जन्मली तिथे. सगळा समुद्र पालथा घालून ती त्याच वाळूवर परत येते. हे पोरालाही माहीत आहे."

"मग मी कुठे जन्मले?"

 इतकी वर्षं गोष्ट ऐकूनही हे खेकड्याला माहीत नव्हतं, कारण हा भाग तो दरवर्षी झोपून काढी.

"तिथे," कासवीण मोठ्या बेटाकडे तोंड करून म्हणाली. "त्या पांढऱ्या वाळूत. लिताना तिथे बसून चटया विणायची. जोबाक होड्या करायचा. त्याची धाकटी मुलगी एमिन आमच्या पिल्लांना पक्ष्यांनी टिपू नये म्हणून फांदी घेऊन उभी राहायची. एक लढाई नुकती संपली होती आणि दूरच्या एका बलाढ्य देशाला पुढच्या लढाईची तयारी करायची होती. त्यांनी आपलं सगळ्यात भयंकर शस्त्र फोडून बघायला इथे आणलं. आपल्या घराजवळ नव्हे, इथे. कुणाला काही होणार नाही म्हणाले. एका पहाटे आभाळात दुसरा सूर्य उगवला. मग पांढरी राख पडली, पिठासारखी मऊ. एमिनने ती ओंजळीत घेतली, अंगाला लावली. पोरं हसत होती रे! संध्याकाळपर्यंत त्यांची कातडी भाजली. पुढे एमिनचे केस गळले. मग बोट आली आणि थोड्याच दिवसांसाठी म्हणून सगळ्यांना घेऊन गेली. मी पोहत पोहत त्यांच्या नव्या गावापर्यंत जाऊन आले आहे. एमिन मोठी झालीच नाही. लितानाची बाळं जन्मली ती श्वास न घेताच. जोबाक किनाऱ्यावर बसून इकडे बघत बघत म्हातारा झाला आणि तिथेच वारला."

खेकड्याच्या पाठीवरची पिल्लंही हलायची थांबली.

"तुमचं हे बेट तेव्हा वाळूचा नुसता पट्टा होता. लाटा त्यावरून जात, राख धुऊन गेली. तिकडे ती मातीत मुरली, मातीतून मुळांत, मुळांतून नारळात. मला हे कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी मी रीतीप्रमाणे तिथेच अंडी घातली आणि दिवस भरल्यावर पाण्यात थांबून राहिले. एकही पिल्लू वाळूतून वर आलं नाही. बाळा, मी तेव्हा जन्माची वाळू सोडली. आजही तिचा वास आला की माझे पाय तिकडे वळतात, आणि दरवर्षी मी ते इकडे वळवते."

सगळा समुद्र ओलांडून येणारी कासवीण आपल्या वाळूच्या इतक्या जवळ येऊन थांबते, हे खेकड्याने आजवर डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा अर्थ त्याला आज लागला.

बगळा मागोमाग उडत आलाच होता. "घाबरवतेय तुम्हाला! बेट अगदी निर्धोक आहे, माझा शब्द आहे," तो म्हणाला.

कासविणीने शांतपणे विचारलं, "बगळेबुवा, तुमचं घरटं कुठल्या बेटावर आहे?"

"छोट्या," बगळा म्हणाला.

"मग आधी तुमची पिल्लं तिकडच्या माडावर नेऊन ठेवा. खेकडेराव थांबतील तोवर."

बगळ्याने मान आखडली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग काहीतरी काम आठवल्यासारखं करून तो उडाला, तो थेट आपल्या घरट्याकडे.  खेकड्याने पिल्लांना नीट सावरलं आणि भरतीचं पाणी खडकांवर चढायच्या आत तो बायकोच्या मागोमाग घरी परतला. त्या दिवशी त्याने सगळी नावं जागेपणी ऐकली. मग सगळ्यांनी आपापल्या बिळांतलं थोडं थोडं त्याच्या घरी पोचवलं आणि नवे माड फळेपर्यंत कसंबसं निभलं.

बरीच वर्षं गेली. एका वर्षी कासविणीला यायला उशीर झाला. सगळे जमून वाट बघत होते. खेकड्याने मध्ये बसून गोष्ट सुरू केली: लितानाच्या चटया, जोबाकच्या होड्या, एमिनची फांदी. त्याचा आवाज एकदाही अडखळला नाही. तो सांगत असतानाच कासवीण पाण्यातून हळूच वर आली आणि सगळ्यांच्या मागे बसून ऐकू लागली.

नावं संपली तेव्हा एक भुकेलं पिल्लू कुरकुरलं, "आजोबा, दरवर्षी तीच गोष्ट कशाला?"

खेकड्याच्या नांगीत एक नारळ होता. तो त्याने फोडला नाही, खाली ठेवला आणि समोरच्या बेटाकडे बोट दाखवावं तशी नांगी उचलली.

"कारण ती वाळू अजून तितकीच पांढरी दिसते, बाळा."

तात्पर्य : दुसऱ्यांच्या लढाईत ज्यांची घरं आणि लेकरं गेली, त्यांची नावं विसरू नयेत, आणि जो धोका नाही असं सांगतो, तो स्वतःची पिल्लं कुठे ठेवतो ते आधी पाहावं.